वसाहतींच्या स्पेसिमेन नोटा विकणारा ऑनलाइन डीलर: माल एक नंबर, पण मागच्या बाजूचे फोटो टाका राव

चार स्टार देतोय, पाचवा का कापला ते खाली लिहिलंय. हा डीलर फक्त जुन्या वसाहतींच्या स्पेसिमेन नोटा ठेवतो, ब्रिटिश, पोर्तुगीज, डच, फ्रेंच सगळं, आणि मी त्याच्याकडून बरेच दिवस घेतोय, त्यामुळे एका ऑर्डरवरून मत बनवलेलं नाही.

ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात, नवीन नोट आली की ती कशी दिसते हे बँकांना कळावं म्हणून नमुने पाठवायचे, ते हे स्पेसिमेन. नंबरच्या जागी बहुतेक वेळा नुसती शून्यं, वर 'स्पेसिमेन' असा छाप आणि सहीपाशी मशीनने पाडलेलं भोक. लोक म्हणतात भोक पाडलेली नोट कशाला घ्यायची, तर अहो ही नोट कधी कुणाच्या खिशात गेलेलीच नसते, घडी नाही मळ नाही, शाई छापली तेव्हा होती तशी. बाजारात फिरलेल्या नोटेत ती मजा नाही.

मी घेतलेल्यातली सगळ्यात आवडती म्हणजे ईस्ट आफ्रिकन करन्सी बोर्डाची सहाव्या जॉर्जची २० शिलिंगची नोट. हे बोर्ड १९१९ चं, बसायचं लंडनला आणि नोटा चालायच्या केनिया, युगांडा, टांगानिका आणि नंतर झांझिबारमध्ये. डे ला रू या इंग्लिश छापखान्याची छपाई आहे, राजाच्या चेहऱ्याच्या रेघा भिंगाखाली बघितल्या की एकेक केस वेगळा दिसतो आणि बोट हलकेच फिरवलं तर शाईचा उंचवटा लागतो. मागे सिंह. आणि किंमत इंग्रजीसोबत अरबी आणि चक्क गुजरातीत! तिकडे १९२० पर्यंत भारतीय रुपयाच चालायचा आणि दुकानदारीत गुजराती माणूस गावोगावी होता, म्हणून हे. इतिहासाचं पुस्तक उघडायच्या आधी नोटच सांगते की त्या बाजारात कोण बसलेलं होतं. १९६६ मध्ये केनिया, युगांडा आणि टांझानिया (टांगानिका आणि झांझिबार मिळून झालेला) या तिन्ही देशांच्या स्वतःच्या बँका आल्या आणि या बोर्डाचं काम संपत गेलं.

डीलरचं खरं कौतुक वर्णनासाठी. स्पेसिमेन, प्रूफ आणि कलर ट्रायल हे तीन प्रकार तो कधीच एकात एक मिसळत नाही, आणि हे फार कमी जण करतात. प्रूफ म्हणजे छपाईच्या आधी तपासायला काढलेली प्रत, आणि कलर ट्रायल म्हणजे तीच नोट वेगळ्या रंगात छापून बघितलेली, ती स्पेसिमेन म्हणून विकली की घेणाऱ्याच्या संग्रहात कायमचा घोळ होतो. पिक नंबर (जगभरच्या नोटांच्या कॅटलॉगमधला क्रमांक) देतो तोही शेवटच्या 's' सकट, म्हणजे स्पेसिमेन. फ्रँकलिन मिंटने १९७० च्या दशकाच्या शेवटी खास संग्राहकांसाठी जे सेट काढले (फिजी, सॉलोमन, बर्म्युडा वगैरे, नंबरच्या आधी माल्टीज क्रॉस असतो) ते तो वेगळ्या विभागात ठेवतो आणि सरळ लिहितो की हे बँकेसाठी नव्हते, संग्राहकांसाठी केलेले आहेत. सेट वाईट नाहीत, सुरुवात करणाऱ्याला तर उत्तमच, पण बँकेला गेलेल्या नमुन्याच्या भावात ते घ्यायचे नसतात आणि इथे ती भीती नाही.

माल कुठून आला हे माहीत असेल तिथे तेही लिहितो. अमेरिकन बँक नोट कंपनीचा जुना साठा १९९० मध्ये ख्रिस्टीजच्या लिलावात निघाला होता. १९४३ च्या डच ईस्ट इंडीजच्या (आजचा इंडोनेशिया), राणी विल्हेल्मिना असलेल्या नोटा याच कंपनीने छापल्या, त्यामुळे त्यांचे नमुने घेताना ते त्या साठ्यातले आहेत का हे मी आधी विचारतोच.

आता तक्रार. बऱ्याच लिस्टिंगमध्ये फक्त पुढची बाजू. स्पेसिमेन नोटा बँकेच्या किंवा छापखान्याच्या अल्बममध्ये चिकटवलेल्या असायच्या, म्हणजे जे काही डाग, डिंक, सोललेला कागद असतो तो मागेच असतो ना! मला आलेल्या एका नोटेच्या मागे दोन कोपऱ्यांना कागदाचे तुकडे चिकटलेले होते, वर्णनात एक शब्द नाही. मेल केला, वाद न घालता परत घेतली, पैसे पूर्ण आले, पण हे सगळं एका फोटोने टळलं असतं. दुसरं म्हणजे नोटा साध्या पीव्हीसीच्या पाकिटात येतात. पीव्हीसी काही काळाने चिकट होतं आणि नोटेला खातं, आल्या आल्या मायलरमध्ये (नोटेला अपाय न करणारं प्लास्टिक) टाका, एक दिवससुद्धा थांबू नका. इतकी महागडी वस्तू विकताना मायलरचं पाकीट द्यायला काय हरकत आहे कळत नाही, पॅकिंगचा पुठ्ठा मात्र दणदणीत असतो.

खोट्या छापाची शंका असते बऱ्याच जणांना, म्हणजे साधी चलनातली नोट घ्यायची आणि वर 'स्पेसिमेन' मारून द्यायचा. इथे मला तसलं काही मिळालेलं नाही. तरी नोट हातात आली की घडीच्या खुणा आहेत का आणि छापाची शाई घडीच्या भेगेत उतरलीये का एवढं भिंगाने बघा, छाप नंतर मारलेला असेल तर तिथे कळतो.

पोर्तुगीज विभाग सध्या सगळ्यात भारी आहे. बांको नासियोनाल उल्त्रामारीनो या पोर्तुगीज वसाहतींच्या बँकेच्या गोव्यासाठीच्या १९५९ च्या एस्कुदो नोटा येऊन जाऊन असतात, गोवा जिंकणाऱ्या अफोन्सो दे अल्बुकर्कचं चित्र असलेल्या. ३०, ६०, ३००, ६०० असे विचित्र आकडे का, तर १ रुपियाचे ६ एस्कुदो धरले होते, म्हणजे जुन्या ५, १०, ५० आणि १०० रुपियांचा तो सरळ हिशोब. १९६१ च्या डिसेंबरपर्यंतच काय ते चलन चाललं. मी ६० ची मागितलीये, मागच्या बाजूचा फोटो आधी पाठवा असं लिहून, आणि त्याच दिवशी फोटो आला. तुम्हीही मागा, मागितला की देतो तो.