'अकिरा': कोणती आवृत्ती घ्यावी?
कात्सुहिरो ओतोमोंची ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, १९८२ ते १९९० दरम्यान क्रमशः आली. सहा खंड, दोन हजारांहून अधिक पाने. इंग्रजी पेपरबॅकमध्ये डावीकडून वाचता यावे म्हणून चित्रे आरशातल्यासारखी उलटली आहेत. त्यामुळे उजवे हात डावे होतात, मोटारसायकलींची दिशाही फिरते. हे खटकतेच. २०१७चा पुठ्ठा बांधणीचा संच मुळाप्रमाणे उजवीकडून वाचायचा, चित्रांत आवाज दाखवणारी ('धडाम'सारखी) जपानी अक्षरेही तशीच ठेवलेली. महाग आहे, पण रेखाटनासाठी हाच घ्यावा. शहर कोसळतानाची निःशब्द पाने सावकाश पाहा, काय ताकदीचे काम आहे!

फोंडा-म्हापशाच्या पावसाळ्यात मात्र हे जाड खंड भिंतीला टेकवू नका. ओल धरून पाने फुगतात, बुरशीचे ठिपके पडतात. उभे, जरा सैल ठेवा, बाजूला सिलिका जेलच्या पुड्या.