निम्म्या किमतीतला ‘कॉन्कॉर्डिया’

‘एकदाच उघडलेला, अस्सल जर्मन’ असं सांगून कुणी ‘कॉन्कॉर्डिया’ हा बोर्डगेम निम्म्या किमतीत देत असेल, तर पैसे पाठवायच्या आधी एवढं वाचा. माझ्याकडे डुप्लिकेट आलाय आणि पैसे अजून अडकलेलेच आहेत.

खेळ ठाऊक नसलेल्यांसाठी थोडक्यात: माक गेर्ड्‌स यांनी रचलेला, २०१३ साली आलेला रोमन साम्राज्यातल्या व्यापाराचा हा खेळ. फासे नाहीत, लढाया नाहीत. हातात सात पत्ते घेऊन सुरुवात करायची, माणसं जमिनीवरून आणि समुद्रावरून पुढे न्यायची, शहरोशहरी घरं बांधायची, विटा-धान्य-अवजारं-दारू-कापड यांची खरेदी-विक्री करायची. खरी मजा शेवटी. प्रत्येक पत्ता एकेका रोमन देवाचा असतो आणि गुण त्या देवाप्रमाणे मिळतात. सॅटर्न तुमचे प्रांत मोजतो, मर्क्युरी तुम्ही किती प्रकारचा माल पिकवता ते. बहुतेक गुण तिथेच ठरतात, त्यामुळे पत्ता नीट वाचता आलाच पाहिजे. माझ्या डब्यातल्या पत्त्यांवर देवांची नावं अशी फुटलेली, की दिव्याखाली धरून अंदाज बांधावा लागतो.

तेही चालवून घेतलं असतं. पण अस्सल पटाला दोन बाजू असतात: एकीकडे ३० शहरांचं सगळं साम्राज्य, दुसरीकडे २५ शहरांचा इटली. आम्ही घरी दोघंच खेळणार, म्हणून मला इटलीच हवा होता. जाहिरातीत तो दिसत नव्हता, तेव्हा मी मुद्दाम विचारलं. ‘आहे ना सर, मागच्या बाजूला आहे,’ असं लेखी उत्तर आलं. पट उलटला तर मागे कोरा पांढरा पुठ्ठा.

व्हिडिओ काढून पाठवला. उत्तर: ‘कुरिअरमध्ये काय झालं असेल, मी काय सांगू?’ कुरिअरवाले हल्ली छपाईही पुसतात म्हणायचं! मग ‘गेम खेळता येतोय ना?’ आणि त्यानंतर थेट ब्लॉक. जाहिरातीतला फोटो नेटवर शोधला, तर तो कुण्या परदेशी माणसाच्या टेबलाचा निघाला.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, तक्रार नोंदली गेली. पोलिस चौकीत मात्र ‘माल मिळालाय ना? मग ग्राहक मंचाकडे जा’ असं ऐकवलं. म्हणून आता १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार टाकली आहे. चॅट, यूपीआयची पावती, पाकिटावरचा पत्ता, सगळं जपून ठेवलंय. तुमच्यासोबत असं झालं तर पाकीट फाडतानाच व्हिडिओ सुरू ठेवा. आमच्या चौकीत पहिला प्रश्न त्याचाच आला.

विकत घेण्याआधी फोटोंवर भागवू नका. विकणाऱ्याला व्हिडिओ कॉलवर पट उलटून दाखवायला सांगा आणि दोन-चार पत्ते कॅमेऱ्याजवळ धरायला लावा. खरा मालक कौतुकाने दाखवतो. ‘सध्या घरी नाहीये, आधी बुकिंगचे पाचशे टाका’ म्हणाला तर फोन ठेवा.

त्याची जाहिरात अजून आहे. फोटो तोच, नाव दुसरं, किंमत दोनशेने कमी.