पहिला कच्चा पु-अर: यीवू घ्यावा की बुलांग?

पु-अर हा चीनच्या युन्नान प्रांतातला चहा, बहुधा चकतीत दाबून विकला जाणारा आणि वर्षानुवर्षं ठेवून मुरवता येणारा. त्यातला कच्चा, म्हणजे मुद्दाम न आंबवलेला प्रकार हा चिनी लोकांचा ‘शंग’. थोड्याच वर्षांचा, कोवळा शंग पहिल्यांदा विकत घेताना बहुतेकांचं घोडं यीवू आणि बुलांग या दोन नावांपाशी अडतं. दोन्ही डोंगराळ भाग युन्नानच्या दक्षिण टोकाला, शीश्वांगबान्नात आहेत. मधून लानत्सांग नदी वाहते, तीच पुढे मेकाँग होते. यीवू तिच्या पूर्वेला, लाओसच्या बाजूला. बुलांग पश्चिमेला, म्यानमारच्या सीमेलगत. झाड दोन्हीकडे मोठ्या पानाचं, आपल्या आसामी चहाच्याच जातीचं. पानं खुडून मलूल होऊ द्यायची, कढईत परतायची, मळायची आणि उन्हात वाळवायची, ही रीतही तीच. चव मात्र अगदी निराळी.

मी दोन्ही शेजारी ठेवून प्यायलो, दोन्ही तीन वर्षांच्या आतले. गायवानमध्ये, म्हणजे झाकणाच्या छोट्या वाटीत, १०० मिली उकळत्या पाण्याला ६ ग्रॅम पानं. पहिलं पाणी ओतून दिलं, मग त्याच पानांवर पुन्हापुन्हा पाणी घालत पुढची पाणी दहा-दहा सेकंदांत गाळली.

बुलांगचा पहिला घोट कडू लागतो. कारल्याची आठवण व्हावी असा, जिभेच्या मुळाशी बसणारा कडवटपणा. इथे पुष्कळ लोक कप खाली ठेवतात, आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं, कारण या चहातली गंमत घोट गिळल्यानंतर सुरू होते. आवळा खाऊन वर पाणी प्यायलं की तोंड कसं गोड होतं? तशीच गोडी घशातून वर येते आणि कप रिकामा झाल्यावरही रेंगाळते. चिनी चहावाले तिला ‘ह्वेगान’ म्हणतात, परतून येणारी गोडी. म्हणून कोवळा शंग चाखताना कडवटपणा किती आहे यापेक्षा तो किती लवकर विरतो, इकडे लक्ष द्या. खुद्द बुलांगमध्येही हा फरक दिसतो: लाओ बानचांग गावच्या चांगल्या चहाचा कडवटपणा झटकन उतरतो, तर लाओ मान-अच्या कडू झाडांचा बराच वेळ जिभेवर ठाण मांडून बसतो.

यीवू पहिल्या दोन पाण्यांत फिका वाटेल. घाई करू नका. चौथ्या-पाचव्या पाण्याला मधाचा, रानफुलांचा वास उघडतो आणि तोंडात पेजेच्या निवळीसारखा मऊ दाटपणा येतो. गोडी इथेही येते, पण उशिरा आणि खोल घशात. शिवाय यीवू चूक पोटात घालतो: फोन आला आणि पाणी मिनिटभर जास्त राहिलं, तरी पिता येतो. बुलांगचं तेवढ्यात औषध होतं.

ग्रीन टी पिणाऱ्याने, किंवा ज्याला ऑफिसात मोठ्या मगातच चहा करावा लागतो त्याने, यीवूच घ्यावा. बिनसाखरेची काळी कॉफी, मेथी, कारलं ज्याला मनापासून आवडतं, त्याने सरळ बुलांगपासून सुरुवात करावी. यीवू त्याला मिळमिळीत वाटेल. माझा स्वतःचा कल बुलांगकडे आहे. मात्र दोन्हींपैकी काहीही रिकाम्या पोटी नको, कोवळा शंग पोटाला लागतो.

‘बानचांग राजा, यीवू राणी’ असं चीनमध्ये म्हणतात, आणि त्या म्हणण्याची किंमत गिऱ्हाईक मोजतं. लाओ बानचांगच्या नावाखाली नकली माल अमाप विकला जातो. स्वस्त चकतीवर ते नाव दिसलं तर विश्वास ठेवू नका. नेहमीची चकती ३५७ ग्रॅमची असते, ती लगेच घेऊ नका. दोन्हींचे २५-२५ ग्रॅमचे नमुने मागवा आणि एकाच दिवशी करून बघा. चकतीला भाजलेल्या शेंगांसारखा खमंग वास असेल तर कढईचा ताव बहुधा जास्त झाला आहे. असा चहा आज छान लागतो, पुढे मुरत नाही.

मुरवण्यासाठी घेत असाल तर बुलांग. त्याचा जहालपणा वर्षांगणिक निवतो. फक्त मुंबईत किंवा कोकणात राहत असाल तर जून ते सप्टेंबर चकती उघड्या फळीवर ठेवू नका, बुरशी धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात, मसाल्यांपासून आणि उदबत्तीपासून लांब ठेवा, आणि पावसाळाभर अधूनमधून डबा उघडून वास घेत चला.