विहिरींच्या 500 मीटर तपासणीला साधी ग्रिड: आठ महिन्यांनंतर

पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर खोदता येत नाही, ही अट 1993 च्या महाराष्ट्र भूजल कायद्यात आली. यवतमाळ जिल्ह्यात ही तपासणी आठ महिने समान चौकोनी ग्रिडवर (नकाशावर आखलेल्या सारख्या चौकोनांच्या जाळीवर; एक चौकोन म्हणजे एक सेल) चालू आहे. ग्रिडने दगा दिला नाही. डोकेदुखी झाली ती सेलचा आकार आणि कोऑर्डिनेट्स (जागेचे स्थान सांगणारे आकडे) यांची.

सेलची बाजू 500 मीटर ठेवली की स्वतःचा आणि भोवतालचे आठ, एवढेच नऊ सेल पाहावे लागतात. 100 किमी × 100 किमी भागाला 40,000 सेल, म्हणजे चार बाइटच्या आकड्यांत जेमतेम 160 केबी. ‘बारीक ग्रिड म्हणजे वेगवान’ समजून 10 मीटरचे सेल केले तर दहा कोटी सेल, 400 एमबी, आणि एका विहिरीमागे 101 × 101 सेलची फेरी! प्रत्येक सेलला वेगळी यादी देऊ नका. विहिरी सेल क्रमांकाने लावून एकाच सलग यादीत म्हणजे अ‍ॅरेत ठेवा, दुसऱ्या अ‍ॅरेत प्रत्येक सेलची सुरुवात.

खरी खोड 78 अंश रेखांशाची. यूटीएम म्हणजे पृथ्वीचे उभे पट्टे (झोन) पाडून स्थान मीटरमध्ये देणारी पद्धत; तिचे 43 आणि 44 हे झोन तिथे भेटतात आणि ती रेषा याच जिल्ह्यातून जाते: पुसद, दिग्रस पश्चिमेला, यवतमाळ शहर पूर्वेला. दोन्ही झोनचे आकडे मिसळले की शेजारची वावरं शेकडो किलोमीटर दूर दिसतात. सगळा जिल्हा 44 मध्येच मोजा. पश्चिम टोकाला अंतर किंचित फुगतं, पण मोबाईलचा जीपीएस झाडाखाली त्याहून जास्त हलतो. सीमेवरच्या, म्हणजे 490 ते 510 मीटरच्या विहिरी मात्र टेपनेच मोजाव्या.

मूळबिंदू (जिथे आकडे शून्य धरतो ती जागा) जिल्ह्याच्या मध्यावर धरला असेल तर काही आकडे ऋण येतात; तेव्हा सेल क्रमांक काढताना दशांश नुसता छाटू नका, खालच्या पूर्णांकाकडे न्या. नाहीतर −0.4 आणि 0.4 दोन्ही शून्यात पडतात.

‘सर्वात जवळची विहीर’ शोधताना पहिली सापडताच थांबणं चूक. मधल्या सेलभोवती सेलची k कडी (एकाबाहेर एक वेढे) तपासून झाल्यावर, सापडलेलं अंतर k × 500 पेक्षा कमी असेल तरच थांबा.

गावठाणातल्या घरांना ही ग्रिड लावू नये. तिथे एकाच सेलमध्ये अख्खं गाव कोंबलं जातं आणि बाहेर सगळे सेल रिकामे. त्याला दुहेरी ग्रिड (दाट सेलच्या आत आणखी बारीक ग्रिड) किंवा के-डी ट्री (बिंदूंनुसार जागा दुभागत जाणारी रचना) बरं.