अलगीकरण: घरी की केंद्रात?

संसर्गजन्य रोगाची बाधा झालेल्याच्या संपर्कात आलेल्या, पण लक्षणं नसलेल्या माणसाला वेगळं ठेवणं म्हणजे अलगीकरण. विलगीकरण होतं ते बाधितांचं. दोन्ही शब्दांची गल्लत झाली की घाबरगुंडी उडते.

घरी अंथरूण ओळखीचं, जेवण चवीचं. पण ‘माझ्यामुळे आईला झालं तर?’ ही भीतीही तिथेच असते. 2003च्या सार्स या श्वसनरोगाच्या साथीत कॅनडातल्या टोरांटोत अलगीकरणातल्या लोकांना 10 दिवस घरीच, घरच्यांसमोरही मास्क लावून, दिवसातून दोनदा ताप मोजत राहायला सांगितलं होतं. नंतर 129 जणांच्या पाहणीत सुमारे 31 टक्क्यांत नैराश्याची, 29 टक्क्यांत आघातोत्तर तणावाची (धक्कादायक अनुभवानंतर मनावर राहणाऱ्या ताणाची) लक्षणं दिसली. शिवाय लोकांच्या नजरा: 2020मध्ये कोरोनाच्या साथीत महाराष्ट्रात घरी अलगीकरणात असलेल्यांच्या डाव्या हातावर तसा शिक्का मारत, तो लपवता येत नसे.

अलगीकरण केंद्रात घरच्यांना बाधा होण्याची धास्ती कमी, पण शेजारच्या खाटेवरच्या खोकल्याने झोप उडते. सर्वांत जाचतं ते तपासणीचा अहवाल आणि सुटकेबद्दलचं मौन. पहिल्याच दिवशी सुटकेची तारीख लेखी द्यावी. मुदत मधेच वाढवणं फार महागात पडतं. मनोविकाराच्या गोळ्या चालू असतील तर पूर्ण मुदतीच्या सोबत घ्याव्यात, अचानक बंद करू नयेत.

स्वतंत्र खोली आणि संडास असेल तर घरच बरं. एकखोली बिऱ्हाडात केंद्र.