1799 चा सेंट म्हणून 2,350 डॉलर दिले, हातात पडला 1798 चा

2,350 डॉलर. आकडा आधीच सांगतो, म्हणजे कोणी 'चिल्लरसाठी एवढा आरडाओरडा?' म्हणून हसणार नाही. पोलिसांनी ते काम आधीच केलंय.

मी न्यू जर्सीत राहतो आणि तांब्याचे जुने मोठे अमेरिकन सेंट, म्हणजे एक सेंटची 'लार्ज सेंट' नाणी (1793 ते 1857), सालवार जमवतो. 1815 चे सेंट पाडलेच नाहीत, त्यामुळे ती जागा सगळ्यांचीच रिकामी. अडतं ते दुर्मिळ 1799 पाशी. पेनसिल्व्हेनियातल्या एका नाणे प्रदर्शनात एका विक्रेत्याकडे तो दिसला. झिजलेला, काळपट, पण तारीख वाचता येत होती. हजार रोख आणि 1,350 मोबाइल ॲपवरून, 'फ्रेंड्स अँड फॅमिली' म्हणून. असे पैसे परत मिळत नाहीत, हे आता सगळेच मला ऐकवतात.

आणि मी डोळे झाकून घेतला नव्हता, बरं का. वजन केलं: 10.89 ग्रॅमच्या जवळपास, म्हणजे बरोबर. बरोबरच असणार! नाणं अस्सल, तांबं अस्सल, फिलाडेल्फियाच्या टाकसाळीतलं. खोटा फक्त शेवटचा आकडा. 1798 च्या 8 चा कोरून 9 केलेला. चिनी नकली नाणी पकडायला शिकलेल्या माणसाला इथे तराजू काय सांगणार?

भिंगातून त्या 9 भोवतीचा भाग गुळगुळीत दिसला होता. बाकी सगळं नाणं खडबडीत. विचारलं, तर म्हणाला, "जुनी साफसफाई." मागे दुसरं गिऱ्हाईक उभं होतं, ते त्याचंच होतं की काय, देव जाणे. पण खरा जळफळाट पावतीचा होतो. तिच्यावर लिहिलं होतं 'जुना लार्ज सेंट, आहे त्या स्थितीत'. साल नाही! 2,350 डॉलर ज्या सालाचे घेतले, तेच साल गायब. त्या गर्दीत पावती कोण वाचत बसतं?

ग्रेडिंगला, म्हणजे नाणी तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या कंपनीकडे, पाठवलं, फी आणि टपाल मिळून 86 डॉलर. उत्तर: तारीख बदललेली. एक डीलर आता त्याचे 25 देतो म्हणतो.

शेल्डन क्रमांकांप्रमाणे (जुन्या सेंटच्या वेगवेगळ्या साच्यांना दिलेले क्रमांक) 1799 चे प्रकार दोनच, एस-188 आणि एस-189. मागच्या बाजूची पानं, अक्षरांची जागा फोटोशी जुळवा. दोन्हींशी जुळत नसेल तर उठा तिथून.

पोलिसांनी विचारलं, "नाण्याची किंमत किती?" म्हटलं, त्यावर एक सेंट छापलंय. झालं, दोघंही हसले. मग म्हणे हा दिवाणी मामला. फसवण्यासाठी नाणं कोरणं हा इथे केंद्रीय गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद आहे. कलम छापून नेलं, कोणी कागदाला हातसुद्धा लावला नाही. ऑनलाइन तक्रार केली, पोच म्हणून एक क्रमांक आला, पुढे काही नाही. ॲपवाले म्हणतात, पैसे तुम्हीच पाठवलेत. आयोजक म्हणतात, आम्ही फक्त टेबलं भाड्याने देतो. विक्रेता तर पावतीच दाखवतो: "मी 1799 कुठे म्हटलं?"

1804 च्या सेंटबाबतही हेच धंदे चालतात. ग्रेडिंग कंपनीने डबीत बंद केलेलं नाणं घ्यायचं तरी प्रमाणपत्राचा क्रमांक कंपनीच्या साइटवर फोटोसकट तपासा, डब्यासुद्धा नकली येतात.

पुढच्या प्रदर्शनाच्या यादीत त्याचं टेबल आहेच. फिलाडेल्फियाच्या आसपास कोणी सुटा, डबीत नसलेला 1799 पुढे केला, तर आधी पावतीवर साल लिहायला लावा आणि तो काय कारण देतो ते ऐका.