खुडूक कोंबडी की उबवणी यंत्र?

मुळशी-भोरकडे दहा-बारा गावठी अंडी उबवायची असतील तर खुडूक, म्हणजे अंड्यांवर बसायला तयार झालेली, कोंबडीच बसवा. ऊब, अंडी फिरवणं, पुढे पिल्लं सांभाळणं, सगळं तिच्याकडे. मात्र अंगावर उवा असतील तर ती २१ दिवसांआधीच उठते. औषध बसवण्यापूर्वीच लावा.

यंत्र कोंबडी खुडूक होण्याची वाट पाहत नाही, पन्नास अंडीही घेतं. पण लाड फार! पंख्याच्या यंत्रात ३७.५ अंश सतत हवेत. अठराव्या दिवशी अंडी फिरवणं थांबवून आर्द्रता ६५ टक्क्यांवर न्यायची. पुण्याच्या एप्रिलमधल्या कोरड्या हवेत ट्रेमधलं पाणी आटलं की पिल्लू पापुद्र्याला चिकटून कवचातच मरतं. इन्व्हर्टर हवाच. शिवाय पहिला आठवडा पिल्लांना बल्बखाली ३२ ते ३५ अंश ऊब द्यावी लागते.